पलंगाखालचा खण

आज सुतार ह्यांच्या पलंगाखाली खण बसवून राहिला आहे. प्लायच्या गोंदाचा वास आला आणि मला आमची जुनी मॅटाडोर व्हॅन आठवली.

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं, परवडेल अशी खोली मिळेना. ह्यांनी भनपुरीत जुनी मॅटाडोर घेऊन तिच्यातच संसार मांडला. बाकाखाली गॅस, दाराला टांगलेली भांडी, पलंग उचलला की खाली धान्य आणि ह्यांची अवजारं.

एक दिवस आई गोंदियाहून माझं लग्नातलं रुखवत एका पेटीत घेऊन आली. मोत्यांचं तोरण, सुपारीचे नवरा-नवरी, सगळं तिनं हातानं केलेलं. ह्यांनी टेपनं पेटी मोजली. पलंगाखाली ती मावत होती, मला दिसत होतं.

"जे रोज कामी येत नाही, त्याले इथं जागा नाही, आई," हे म्हणाले.

आई पेटी मांडीवर घेऊन त्याच दुपारच्या गाडीनं परत गेली. तेव्हा मी मनाला समजावलं, आपली मॅटाडोरच लहान आहे.

आता हे लकव्यानं पडून आहेत. नवा खण पाहून म्हणाले, "माही अवजाराची पेटी ठेवजो इथं."

मी सुताराचा टेप घेऊन मोजली. मावत होती.

"रोज कामी येते काय?" मी विचारलं. मग सुताराला म्हटलं, "भैया, ये पेटी कबाडी को दे देना."