बंदुकीचं तोंड

लग्न होऊन जामसरला आले तेव्हा सासऱ्यांकडे पीक राखायला परवान्याची ठासणीची बंदूक होती. वाघबारशीला हत्यार चालवायचं नाही, म्हणून आमच्या पाड्यात विळे-कोयते वाघदेवाच्या पाषाणापुढे ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी घरी आणतात. परवान्याची बंदूक अशी उघड्यावर कोण ठेवणार? म्हणून सासरे तिचा ठासायचा गज तेवढा देवापुढे ठेवायचे. गज नसला की बंदूक भरता येत नाही, म्हणजे देवाचं काम चोख.

पुढे ती बंदूक गेली आणि नाशिकच्या एका निवृत्त साहेबांची बारा बोअरची एकनळी घरात आली. तिच्या नळीच्या टोकात चोक, म्हणजे बोटभर लांबीचा पोलादी नळीचा तुकडा, आटे फिरवून बसवायचा. असे दोन चोक होते, एक रुंद आणि एक अरुंद. छर्ऱ्याच्या काडतुसाला अरुंद लावायचा, म्हणजे छर्रे फार फाकत नाहीत. रानडुकरासाठी गोळीचं काडतूस, त्यात शिशाचा एकच गोळा, त्याला रुंदच हवा. अरुंदातून गोळी चेपते आणि भलतीकडे जाते, असं साहेबांनी बजावून सांगितलं होतं.

वाघबारस आली आणि सासरे पेचात पडले. या बंदुकीला गजच नाही! शेवटी त्यांनी रुंद चोक काढला, त्याला शेंदूर लावला आणि म्हणाले, "ह्या तिचा तोंड. तोंड देवाकडं ठेवला का ती गप."

मी शाळेत विज्ञान शिकवणारी बाई, पण मलाही ते पटलं. दुसरा चोक कपाटात होता, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

वाघबारशीला आणखी एक रीत होती. एक जण वाघ व्हायचा. अंगावर चुन्याचे आणि कोळशाचे पट्टे ओढायचे, देवापासून पाड्यातली माणसं त्याला हाकत थोडं अंतर न्यायची आणि परतायची. पुढे वाघ एकटाच टेकडीच्या उताराने ओढ्यापर्यंत जायचा. ओढा ओलांडेपर्यंत त्याने दोन पायांवर उभं राहायचं नाही, बोलायचं नाही, नावाने हाक मारली तर ओ द्यायची नाही. तेवढा वेळ तो माणूस नसतोच, असं मानतात. पलीकडे जाऊन अंघोळ केली की मग माणूस. आणि वाघाचं काय झालं ते त्या माणसाला ठाऊक नसतं.

वाघ कायम सासरेच व्हायचे. त्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला म्हणून, यंदा दुसरा कुणी बघा, असं त्यांनीच आदल्या दिवशी सांगितलं होतं. नवरा जव्हारच्या एका कचेरीत कारकून. तो संध्याकाळच्या एसटीने आला तो चिडलेलाच. तयार भात डुकरांनी पार लोळवलं होतं. मी म्हटलं, "आज बंदुकीचं तोंड देवाकडे आहे." तो हसला, कपाटातून अरुंद चोक काढला, बसवला आणि गोळीचं काडतूस भरलं. "अगं, हिला दोन तोंडं आहेत."

मला राग आला, पण मागोमाग मीही शेतातल्या राखणीच्या माळ्यावर गेले. दिवस बुडत होता. ओढ्यावरून धुकं वर येत होतं आणि पाड्याकडचा गलका एकदम थांबला होता. कुत्रंही भुंकत नव्हतं. मग आमच्याच भातात एक रेघ हलायला लागली. जड काहीतरी थांबत थांबत पुढे सरकत होतं. नवऱ्याने नेम धरला. त्याचा नेम कधी चुकत नसे.

बार झाला. भात थांबलं.

मग कणसांतून एक तोंड वर आलं. पांढरे केस, गालांवर काळे पट्टे. ते आमच्याकडे वळलं आणि तसंच बघत राहिलं. डोळे सासऱ्यांचे होते, पण त्यांत आमची ओळख नव्हती. "बाबा!" नवरा किंचाळला. ते खाली गेलं आणि रेघ पुन्हा ओढ्याकडे सरकू लागली. आम्ही बांधावरून धावलो, हाका मारल्या. ते उठेनात, बोलेनात. चार पायांवरच ओढ्यात उतरले आणि पलीकडच्या कारवीत नाहीसे झाले. ओढ्यापलीकडे त्यांच्या मागे जायची आमची छाती झाली नाही. इतकी भीती मला पुन्हा कधी वाटली नाही.

सासरे घरी आले ते रस्त्याने, ओल्या केसांनी, अंगात सदरा घालून. ऐन वेळी दुसरं कुणी तयार झालं नाही म्हणून तेच वाघ झाले आणि गुडघ्यांमुळे उतार टाळून आमच्या भातातली जवळची वाट धरली, हे आम्हाला नंतर पाड्यातून कळलं. त्यांनी चहा मागितला आणि मुलाकडे बघून विचारलं, "शेतान बार कसला झाला रं?"

"डुकराला मारला, बाबा."

"लागला?"

नवऱ्याने मानेनेच नाही म्हटलं.

"बरा झाला," सासरे म्हणाले आणि बशीत चहा ओतला.

नवऱ्याने पुढे कितीदा तरी विषय काढून पाहिला. सासरे शांतपणे विचारायचे, "मी कुठं होतो तठं?" जो तिथे नव्हताच, त्याची माफी कशी मागायची? नवरा झुरत राहिला. सासरे मात्र मजेत. एक बदल तेवढा झाला. आयुष्यभर उघड्या अंगाने नांगर धरलेला माणूस भर उन्हातही सदरा काढेना. "मामा, म्हातारपणी साहेब झालात," मी चिडवायची. तेही हसायचे.

काही वर्षांनी ते गेले. शेवटची अंघोळ घालायला नवऱ्याने सदरा उतरवला आणि त्यांना कुशीवर वळवलं. उजव्या खांद्याखाली वीतभर लांब चर होता, नांगराच्या तासासारखा सरळ, केव्हाच भरून आलेला. देवापुढचा रुंद चोक लावला असता तर गोळी भलतीकडे न जाता पाठीच्या मधोमध शिरली असती.

नवऱ्याने तांब्या खाली ठेवला. त्या चरावर हात ठेवून म्हणाला, "बाबा, लागला होता."