चौथी क्लिप

सेतुमाधवराव सर्वे खात्यात होते. तमिळ मुलखातल्या ओरत्तनाडु तालुक्यात ज्यांच्या बांधावरून ते चालले नाहीत अशी शेतं थोडीच असतील. एकतीस वर्षं त्यांनी जमीन मोजली. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात, मार्गळी महिन्यात, अशाच एका बांधावर उभे असताना त्यांच्या उजव्या हातातून टेप सुटला. उचलायला वाकले ते तिथेच आडवे झाले. मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात अठरा दिवस काढून घरी आले, तेव्हा उजवा पाय ओढत होता आणि उजवा हात मांडीवर ठेवला की ठेवला तिथे राहत होता. बोलणं आधी तमिळमधून परत आलं. घरचं मराठी यायला आणखी तीन आठवडे गेले. तोवर ते स्वतःच्या बायकोशी पाहुण्यासारखे तमिळ बोलत.

बायको नागलक्ष्मी पापनाशमच्या शाळेत गणित शिकवते. राव आता गाडी चालवणार नाहीत असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा ती दोन महिने सकाळी ड्रायव्हिंग स्कूलला गेली आणि बावन्नाव्या वर्षी लायसन्स घेऊन आली. तेव्हापासून त्यांची जुनी लहान गाडी तीच चालवते. सोमवारी आणि गुरुवारी शाळेतून आली की रावांना हात-पायाच्या व्यायामासाठी घेऊन जाते. राव डावीकडे बसतात. तिच्या चालवण्याबद्दल काही बोलायचं नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं आणि ते बरंचसं पाळलंही.

पोंगल झाल्यावर कापणी सुरू झाली. पापनाशमच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना भात वाळत पडलं, मळणीची यंत्रं दिवसभर धूळ उडवू लागली. तिसऱ्या आठवड्यात रेल्वेच्या पुलावर गाडी रखडली.

"आधी थर्डवर चढायची," नागलक्ष्मी म्हणाली. "आतां सेकंड घालावं लागतं."

"एअर फिल्टर भरला असेल."

"शनिवारी गॅरेजला देतें."

"गॅरेजला कशाला? मी बदलतों."

तिने गियर बदलला आणि गाडी पुलावरून उतरवली. मग म्हणाली, "सरी, बरं. बदला."

शुक्रवारी राव एकटेच ऑटोने जुन्या बसस्टँडपाशी गेले आणि स्पेअर पार्ट्सच्या दुकानातून नवा फिल्टर घेऊन आले. शनिवारी सकाळी इंजिन थंड असताना त्यांनी डाव्या हाताने बॉनेट उघडलं, दांडी लावली. फिल्टरचा काळा प्लास्टिकचा डबा समोरच होता. त्याचं झाकण चार तारेच्या क्लिपांनी बसवलेलं. दोन पुढे, एक बाजूला, आणि चौथी मागच्या कोपऱ्यात, बॅटरी आणि डबा यांच्या मधल्या फटीत. पूर्वी त्यांनी हे काम कितीदा केलं होतं. पाच मिनिटांचं काम.

पुढच्या दोन क्लिपा डाव्या हाताने निघाल्या. बाजूची धुळीने घट्ट झाली होती, ती चमच्याच्या दांडीने उचकटली. चौथीपाशी अडलं. ज्या बाजूने त्या फटीत हात जात होता, तिकडून फक्त उजवाच हात पोचत होता.

व्यायाम घेणारी हरिप्रिया त्यांना दोरीला कपड्यांचे चिमटे लावायला सांगायची. वीस लावायचे असत, ते सहावर थकत. लहान मुलांचा खेळ म्हणून त्यांना त्याचा राग यायचा. आता त्यांनी डाव्या हाताने उजवा हात मनगटाशी धरला आणि एखादी वस्तू ठेवावी तसा फटीत ठेवला. बोटांना तार लागली. बोटं मिटेनात.

नागलक्ष्मी पायरीवर वह्या तपासत बसली होती. दोनदा उठली, दोनदा बसली.

"मी येऊं का?"

"थांब."

पंधरा मिनिटं गेली असतील. शेवटी त्यांनी बोटांचा नाद सोडला. तर्जनी तारेत अडकवली आणि खांद्यापासून सगळा हात मागे ओढला. क्लिप सुटली.

आतला फिल्टर करडा झाला होता. घड्यांमध्ये भाताचं तूस, पेंढ्याच्या काड्या, एक वाळलेला चतुर. पायरीवर आपटला तर मूठभर धूळ पडली. इंजिनकडे जाणाऱ्या नळीत काडी जाऊ नये म्हणून रावांनी तिच्या तोंडात एक फडकं कोंबलं, दुसऱ्या ओल्या फडक्याने डबा पुसला, मग कोंबलेलं काढून नवा फिल्टर बसवला. तीन क्लिपा लागल्या. चौथी लावायला झाकण दाबून धरायचं आणि तार वर खेचायची, हे दोन्ही एकदम जमेना. त्यांनी नागलक्ष्मीला हाक मारली. तिने झाकण दाबलं आणि अंगठ्याने क्लिप बसवून टाकली.

"झालं," ती म्हणाली.

"हो," राव म्हणाले. जेवताना त्यांनी दुसऱ्यांदा भात घेतला नाही.

सोमवारी शाळेतून येताना गाडी शिट्टी वाजवू लागली. वेग वाढला की बारीक, सारखी. हरिप्रिया त्या दिवशी रजेवर होती, म्हणून नागलक्ष्मीने सरळ घरी येऊन सांगितलं.

"मीच जोराने दाबलं," ती म्हणाली.

"तूं नाही. रबराची कड दुमडली असेल. बसवताना मी बोट फिरवून पाहिलं नाही. चूक माझी."

इंजिन निवल्यावर, उन्हं होती तोवर त्यांनी पुन्हा बॉनेट उघडलं, चौथी क्लिप तशीच तर्जनी अडकवून ओढली आणि झाकण काढलं. मागच्या कोपऱ्यात फिल्टरची कड खरंच दुमडलेली होती. ती त्यांनी सरळ केली आणि चारही बाजूंनी बोट फिरवलं. मग चौथ्या क्लिपेकडे पाहिलं. मोजणीला गेले की ते नेहमी सगळ्यांत अवघड कोपरा आधी घेत, सोपे मागून. शनिवारी उलटं केलं होतं. पुढच्या क्लिपा लागल्या की झाकण ताणलं जातं आणि मागची तार पुरत नाही. या वेळी झाकण ढिलं असतानाच त्यांनी उजवा हात फटीत घातला, डाव्या तळव्याने तो कोपरा दाबला आणि तार ओढली. दोनदा घसरली. तिसऱ्यांदा बसली.

घरातली पाण्याची मोटर चालू होती, त्यामुळे क्लिप बसल्याचा आवाज नागलक्ष्मीला ऐकू आला नाही. त्यांनी उरलेल्या तीन क्लिपा लावल्या, बॉनेट लावलं आणि म्हणाले, "चावी घे. एक फेरी मार."

ती गल्लीतून हमरस्त्याला जाऊन परत आली. "शिट्टी नाही," ती म्हणाली. उतरल्यावर तिचं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. "रक्त आलंय."

उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं सोलली होती.

"कळलंच नाही मला," राव म्हणाले.

तिने त्यांना नळापाशी नेलं, हात धुतला, पट्टी बांधली. बांधताना विचारलं, "मागची कोणी लावली?"

"मी."

तिने गाठ मारली आणि हात लगेच सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी थर्डवर पूल चढली, हे तिने शाळेतून फोन करून सांगितलं. गुरुवारी हरिप्रियाने पट्टीचं कारण विचारलं. क्लिपांची सगळी हकिगत ऐकून तिने या वेळी वीसऐवजी दहाच चिमटे लावायला सांगितले. नऊ लागले.

पुढच्या आठवड्यात शेजारचे रंगराव आले. बँकेतून निवृत्त झालेले, त्यांची गाडी मोठी होती.

"आमचाही बदलून द्याल का?"

"वेळ लागेल."

"लागूं दे. मला कुठे जायचंय?"

त्यांच्या गाडीचा डबा क्लिपांचा नव्हता, स्क्रूंचा होता. डाव्या हाताने स्क्रूड्रायव्हर फिरवायची रावांना सवय नव्हती. दोन संध्याकाळी गेल्या. एक स्क्रू इंजिनाच्या बाजूच्या फटीत खाली पडला. दोघांनी टॉर्च घेऊन पुष्कळ शोधला, सापडला नाही. तिसऱ्या दिवशी रंगराव दुकानातून नवा स्क्रू घेऊन आले आणि तो रावांच्याच हातात दिला.