झरोक्यातून आलेलं पिल्लू

नातसुनेच्या खोलीतून ओव्याच्या धुरीचा वास आला, आणि मी घाटनांदूरच्या त्या अंधाऱ्या खोलीत जाऊन पोचले.

निजामाचा अंमल होता तेव्हा. पंधराव्या वर्षी माझं पहिलं बाळंतपण झालं. मूल तिसऱ्या दिवशी गेलं, पण बाळंतिणीनं सव्वा महिना खोलीत राहायचं, हे काही सुटलं नाही. दार बंद, झरोक्यात चिंध्या कोंबलेल्या, बाजेखाली शेगडी. डोळे धुरानं झोंबतात की रडून, तेही कळायचं नाही.

एका दुपारी झरोक्यातल्या चिंध्या सारून मांजराचं पिल्लू आत आलं. माझ्या पोटावर चढून, डोळे मिटून घुरघुरत पुढच्या पायांनी दाबू लागलं. एक पाय, मग दुसरा, कणीक मळल्यासारखं. मग एकदम उसळून माझं बोटच धरलं दातात.

"चावरं हाय, फेका ते बाहेर," सासूबाई कडाडल्या.

शेकायला आलेल्या मदारबी दाईनं माझं बोट दिव्याजवळ नेलं. "रगत कुठं हाय, बाई? आईला असंच दाबून दूध पित्यात ही. आन् चावणं म्हंजे खेळणं. लेकरू हाय, खेळंल न्हाई तर काय करंल?"

सासूबाई शेगडीत ओवा टाकायला वळल्या. पिल्लू मनात येईल तेव्हा यायचं, जायचं. मी दुधानं भिजलेला पदर धरून झरोक्याकडं बघत राहायची.

मदारबीचं खरंच होतं. फक्त त्या खोलीत लेकरं दोन होती, ते आणि पंधरा वर्षांची मी, आणि झरोक्यातून मावायचं एकच.