कोऱ्या जागेतली सगुणामामी

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. वलवणला जन्म गेला, धरणाच्या भिंतीवर वेळी-अवेळी फिरलो, भेटली ती फक्त कुत्री... त्यामुळे पुढचं वाचून कुणी हसलं तरी माझी हरकत नाही. मीही हसलो असतो.

शहात्तर-सत्त्याहत्तरची गोष्ट. वडील मुंबईच्या एका शेटजींच्या वलवणातल्या बंगल्यावर माळी होते. बंगल्यात टीव्ही आला आणि शेटजींच्या परवानगीने आई दर आठवड्याला फरशीवर बसून एक मालिका बघू लागली. निवृत्त पोस्टमन दौलतमामा आणि त्यांची तोंडाळ बायको सगुणामामी. पडद्यावर मुंग्याच जास्त, पण आईला त्या दोघांचा घरच्यांसारखा लळा.

मग तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. मामी रुसली की हसली तेच दिसत नाही म्हणून तिने टीव्ही सोडला. हळूहळू बोलणंही सोडलं.

कारखान्यातल्या माझ्या मित्राकडे, रमेशकडे, टेपरेकॉर्डर होता. आम्ही ठरवलं – मामा-मामीचे नवे पराक्रम आपणच रचायचे, ज्यात सगळं नुसतं ऐकून कळेल. मी दौलतमामा, माझी बायको सुमन सगुणामामी, आणि चोर, बैल, आगगाडी हे सगळं रमेश! इंदुरीच्या गढीतला चोर पकडला, उर्शाच्या माळावर हरवलेलं टपाल शोधलं. आईला सुमनची मामी मुळीच पटली नाही. ‘‘मामी अशी गुळमुळीत बोलंल व्हय?’’ म्हणायची. पण दर रविवारी दुपारी ऐकायला बसायची.

तेवढ्यात तळेगावला डोळ्यांचं शिबिर लागलं. दोनच दिवसांचं. आई जायला तयार होईना, कारणही सांगेना. डॉक्टर म्हणाले होते, आणखी उशीर केला तर मग काही करता येणार नाही.

म्हणून मी एक भाग लिहिला. मामीला मोतीबिंदू होतो, मामा तिला शिबिराला नेतात. पण सुमन अडून बसली. आत्याबाई, म्हणजे तिची सासू, माझी आई, घरात असताना ‘मला दिसत नाही’ असं आपण बोलणार नाही, वास्तू तथास्तु म्हणत असते, म्हणाली. मी तिला अडाणी म्हटलं, तरी ती हटली नाही. शेवटी मी माझं वाक्य बोललो आणि मामीच्या उत्तरापुरती टेप कोरी सोडली. तिथे रमेश नंतर बायकी आवाज काढून बोलणार होता. तो विसरला... आणि मीही.

रविवारी दुपारी आम्ही तिघे आणि आई. टेप सुरू झाली. माझाच आवाज आला, ‘‘सगुणे, शिबिराला येतेस ना?’’ तेव्हा मला कोरी जागा आठवली. बटण दाबायला हात पुढे केला, तोच आतून एक बाई बोलली –

‘‘येते. पर हात सोडायचा न्हाई. तितं एकटं पडायचं लय भ्या वाटतं.’’

सुमनने माझं मनगट धरलं. रमेशचा चेहरा पांढरा पडला. आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

‘‘मामीला कसं कळलं रं?’’ ती म्हणाली.

मग कळलं, तिला सुरीचं भय नव्हतंच. डोळ्यांवर पट्टी बांधून परक्या माणसांत एकटं पडून राहायचं, त्याचं होतं. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती शिबिराला आली. पट्टी होती तितके दिवस मी आणि सुमनने आळीपाळीने तिचा हात धरून ठेवला. पट्टी सुटल्यावर ती सुमनकडे नुसती बघत राहिली आणि म्हणाली, ‘‘किती वाळलीस गं.’’ सुमन ढसाढसा रडली.

टेप आम्ही त्या रविवारी संध्याकाळीच पुन्हा लावली होती. त्या जागी रमेशचा खोकला, बाकी काही नाही. तो आवाज आपला नाही म्हणून सुमनने लेकराची शपथ घेतली, रमेशने आईची.

जाड भिंगांचा चष्मा लावून आई पुन्हा टीव्हीसमोर बसली. सगुणामामी तावातावाने बोलू लागली. आईने नीट कान देऊन ऐकलं.

‘‘ही न्हवं,’’ ती हळूच म्हणाली. ‘‘त्या दिशी बोलली ती दुसरीच व्हती.’’

रमेशने टेपरेकॉर्डर परत नेलाच नाही. दर दसऱ्याला कोयत्या-खुरप्यांच्या शेजारी त्यालाही झेंडूचं फूल वाहतो, हळदकुंकू लावतो. खुलासा मला आजही सापडलेला नाही. त्या कोऱ्या जागेवर कधी काही भरलं नाही. आईला डोळे मिळाले, त्यासाठी हात जोडतो. कुणाला जोडतो, तेवढं मात्र माहीत नाही.