रोवीनाची एकशेवीस क्रेडिटं

रोवीना मुलिन्सच्या घरात तीन नावं तोंडातून काढायची सोय नव्हती. एक सैतानाचं, दुसरं तिच्या सासूच्या धाकट्या बहिणीचं, आणि तिसरं क्रेडिट. पहिली दोन चुकून निघालीच तर चूळ भरून भागे. तिसऱ्याला चूळ पुरत नसे.

सासूचं नाव डेल्फिया. पण त्या डोंगराळ मुलखात आजीला मॅमॉ म्हणतात, आणि ही तर अख्ख्या खोऱ्याचीच मॅमॉ होऊन बसली होती. तिचा बाप कोळशाच्या खाणीत होता. खाण कंपनीची, घर कंपनीचं, दुकानही कंपनीचं. दुकानदार गोड हसून म्हणायचा, "न्या हो, क्रेडिटवर न्या, पगारातून कापू." पीठ क्रेडिटवर, दिव्याचं तेल क्रेडिटवर, ज्या फावड्यानं बाप कोळसा ओढायचा ते फावडंसुद्धा क्रेडिटवर. पगाराच्या दिवशी बाप जसा जायचा तसाच हात हलवत परत यायचा. पुढे तो गेला. दफनाला दुकानदार आला, टोपी काढून उभा राहिला, डोळे पुसले, आणि जाताजाता हळूच म्हणाला, "ते फावडं तेवढं कुठे आहे?"

तेव्हापासून क्रेडिट म्हटलं की मॅमॉच्या डोळ्यांपुढे ते फावडं उभं राही. तिच्या घरात फ्रीज आला तो रोख पैसे जमल्यावर. तोवर दूध झऱ्याच्या पाण्यात ठेवलं. रोवीना सून होऊन आली ती याच वळणात बसली. नवरा गेल्यावरही दोघी एकाच छपराखाली, एकमेकींना टोमणे मारत, झकास राहिल्या.

रोवीना गावातल्या म्हाताऱ्यांच्या जेवणघरात स्वयंपाकीण होती. सरकारी जेवणघर, दुपारी गरम ताट, मग पत्ते आणि कुचाळक्या. मॅमॉ रोज तिथेच जेवायची आणि सुनेच्या हाताला चारचौघांत नावं ठेवायची. एवढ्यात तिथल्या व्यवस्थापक बाई म्हणाल्या, मी पुढल्या वर्षी जूनअखेर निघाले, मुलाकडे फ्लोरिडाला. वरून हुकूम आला की नवा व्यवस्थापक पदवीवालाच हवा. कशाची पदवी ते चालेल, पण हवी. गावात तसं कुणी मिळालं नाही तर जेवणघर जिल्ह्याच्या गावाहून चालवणार, चूल बंद करणार आणि बर्फात गोठवलेली ताटं गाडीनं पाठवणार. नमुन्याचं एक ताट आलंही होतं. मॅमॉनं त्यातलं गाजर काट्यावर धरून सगळ्यांना दाखवलं.

"चौकोनी आहे बघा. देवानं असं गाजर केलेलं नाही."

रोवीनानं कॉलेज एकोणिसाव्या वर्षी लग्नापायी अर्ध्यावर सोडलं होतं. आता तिनं ते धागे पुन्हा हातात घेतले. कॉलेजात शिकलेलं मोजतात ते क्रेडिटांत. एका विषयाला साधारण तीन, आणि एकशेवीस जमली की पदवी. तिला एक आडवाटही सापडली. विषय आधीच येत असेल तर वर्गात बसायचं नाही, थेट परीक्षा द्यायची. पास झालं की क्रेडिटं खिशात. रोवीनानं चुलीवरच्या भिंतीला चिठ्ठ्या चिकटवल्या आणि बटाटे सोलता सोलता पाठ करू लागली. समाजशास्त्राच्या सरावात 'कुटुंब म्हणजे काय' याची चार उत्तरं दिलेली होती. तिनं जे खरं होतं ते निवडलं, ते चूक निघालं. मग तिला गोम कळली. खरं नाही, पुस्तकातलं निवडायचं. पुढे भराभर पास होत गेली.

जे विषय परीक्षेनं सुटत नव्हते त्यांची फी मात्र भरावी लागे, आणि ती शिक्षणाच्या कर्जातून जाई. हे कर्ज तिनं दुकानामागे गाडी लावून, गाडीतच बसून, फोनवर बोट फिरवून काढलं होतं. कोंबडी चोरताना माणूस इकडेतिकडे बघतं ना, तशी बघत. मॅमॉला यातलं अक्षर सांगितलं नाही.

हे गुपित मनात घेऊन ती वावरत होती. त्यात एका संध्याकाळी मॅमॉ ओसरीवर शेंगा मोडत बसली असताना एकदम म्हणाली, "मला कळलंय, पोरी. आपल्या चर्चच्या सिस्टर वेल्माला तू फोनवर सांगत होतीस. क्रेडिटं."

रोवीनाला वाटलं, झालं, कर्जाचा पत्ता लागला.

"मॅमॉ, मी सांगणारच होते."

"किती झालीत?"

हिशेब क्रेडिटांचा विचारतेय असं वाटून रोवीनाला जरा हायसं वाटलं. "एकशेचौदा."

मॅमॉच्या हातातली शेंग तशीच राहिली. "एकशेचौदा! आणि लाज नाही वाटत?"

"लाज कसली? अभिमान वाटतो मला. आणखी सहा झाली की सुटले."

"आणखी सहा? आधी थांबता येत नाही?"

"आता थांबले तर सगळं वाया जाईल ना! एकशेवीस झाल्याशिवाय ते सोडत नाहीत."

"कोण सोडत नाही?"

"कॉलेजवाले."

"माझ्या बापालाही नाही सोडलं," मॅमॉ म्हणाली आणि शेंगांची परात घेऊन आत गेली. आता तिचा बाप कॉलेजात कधी होता, याचा रोवीनानं बराच वेळ विचार केला. म्हातारपण, असं म्हणून सोडून दिलं.

शेवटच्या सत्राला तिचे दोनच विषय उरले होते. दोन्हींची फी कर्जातून जायची होती. त्यातल्या एका विषयाची परीक्षा असते असं तिला कळलं, आणि तिच्यातली काटकसरी मुलिन्स जागी झाली. उगाच फी कशाला? गेली, परीक्षा दिली, पास झाली. एकशेसतरा. घरी येताना गाडीत गात आली.

दुसऱ्याच दिवशी कॉलेजच्या कर्जखात्यातून बाईचा फोन.

"अभिनंदन, मिसेस मुलिन्स. तुम्ही पास झालात, त्यामुळे या सत्राचं तुमचं कर्ज बंद."

"म्हणजे?"

"कर्ज मिळायला निदान अर्धवेळ विद्यार्थिनी लागते. अर्धवेळ म्हणजे दोन विषय. तुमचा आता एकच उरला."

"पण दुसरा मी शिकले की!"

"शिकलात, पण वर्गात बसून नाही ना. परीक्षेचं धरत नाहीत."

"आणि नापास झाले असते तर?"

"तर वर्गात बसावं लागलं असतं, आणि कर्ज मिळालं असतं."

"देवा रे! म्हणजे मी फार हुशार निघाले."

"तसं आमच्याकडे लिहायला जागा नाही," बाई म्हणाली.

उरलेला विषय शेवटचा प्रकल्प होता. त्याची परीक्षा नसते, तो वर्गातच करावा लागतो. फी महिनाअखेर भरायची, नाही तर पुढचं सत्र थेट सप्टेंबरात, आणि तोवर चौकोनी गाजरं गावात येऊन स्थायिक झालेली असणार. रोवीना स्वयंपाकघरात डोकं धरून बसली आणि स्वतःशीच म्हणाली, "तीन क्रेडिटांसाठी मेले मी. पैसे कुठून आणू?"

दाराआड मॅमॉ उभी होती. तिनं एवढंच ऐकलं, एकशेवीसातून तीन वजा केले, आणि एवढं तिला पुष्कळ होतं.

बुधवारी चर्चमध्ये प्रार्थनासभा असते. ज्याला जे दुःख असेल ते उठून सांगायचं, सगळ्यांनी त्यासाठी प्रार्थना करायची. रोवीना अभ्यासापायी बुधवारी जात नसे. त्या बुधवारी मॅमॉ काठी टेकत उठली.

"माझ्या सुनेसाठी प्रार्थना करा. ती एकशेसतरा क्रेडिटांत बुडालीय आणि अजून तीन घ्यायच्या गोष्टी करते."

मागच्या बाकांवरून हुंकार उठले. तिथे बसलेल्या निम्म्या लोकांच्या घरात कंपनीच्या दुकानाची आठवण होती. सिस्टर वेल्मा कुजबुजली, "टीव्हीवरच्या दुकानातून वस्तू मागवते की काय?" ती रोवीनाशी फोनवर तासन्‌तास बोलायची, पण समोरची काय म्हणते ते ऐकायची सवय तिला नव्हती. पाद्री ब्रदर क्लीटस कनवाळू माणूस. त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं, शनिवारी बीन्सचं जेवण ठेवायचं, केक लिलावात काढायचे, आणि आपल्या बहिणीला सोडवायचं. नाव मात्र कुणी काढायचं नाही. बाईमाणूस आहे, लाज राखायची.

लाज इतकी चोख राखली की रोवीनालाही पत्ता नाही. उलट मक्याचा पाव करायचं काम तिच्याकडेच आलं. तिनं लोखंडी तव्यात खरपूस पाव भाजले, शनिवारी घेऊन गेली, दारात पाच डॉलर देऊन जेवणाचं तिकीटही घेतलं.

"कुणासाठी गं हे?" तिनं वेल्माला विचारलं.

"आपल्यातलीच एक आहे. नाव नाही सांगायचं."

"बिचारी!" रोवीना म्हणाली आणि डब्यात आणखी पाच डॉलर टाकले. वेल्माला खोकल्याची उबळ आली.

जेवणं रंगात आल्यावर ब्रदर क्लीटस उठले. हातात पैशांनी भरलेला कॉफीचा डबा. "आपली एक बहीण," ते कापऱ्या आवाजात म्हणाले, "एकशेसतरा क्रेडिटांखाली गाडली गेलीय."

रोवीना घास चावत होती. तिच्या मनात आलं, अगंबाई, माझ्याएवढीच! मग सगळं दालन आपल्याकडेच बघतंय हे तिच्या ध्यानात आलं, आणि घास पुढेही जाईना नि मागेही येईना.

"मॅमॉ," ती हळू म्हणाली, "तू काय केलंस?"

"जे तुझ्या नवऱ्यानं केलं असतं ते."

रोवीना उभी राहिली. तोंड उन्हात तापलेल्या पत्र्यासारखं लाल. "ब्रदर क्लीटस, क्रेडिटं म्हणजे उधारी नाही. शिकलेल्याचं माप आहे ते. मी ती मिळवलीत, परीक्षा देऊन. मला ती कुणाला फेडायची नाहीत."

मॅमॉनं कपाळाला आठ्या घातल्या. "म्हणजे तू त्यांचं देणं लागत नाहीस?"

"नाही. उलट एकशेवीस झाली की तेच मला पदवीचं देणं लागतात."

"आपल्या घराण्यात," मॅमॉ सावकाश म्हणाली, "कंपनी आपलं देणं लागते असं पहिल्यांदाच ऐकते मी."

इथे रोवीनाला मुकाट्यानं खाली बसता आलं असतं. लोक हसले असते, पैसे आपापल्या घरी गेले असते. पण अर्धंच खरं सांगून बसणं तिला जमेना. डबा समोर, देव वर, मॅमॉ शेजारी.

"पण कर्ज आहे," ती म्हणाली. "वेगळं. फीसाठी काढलेलं. ते मी लपवलं. आणि आता तेही बंद झालंय, कारण मी जरुरीपेक्षा जास्त पास झाले. शेवटच्या तीन क्रेडिटांची फी भरली नाही तर जेवणघर जाईल."

मॅमॉनं एकच विचारलं, "तू मेल्यावर ते मागायला येतील?"

"नाही. माणूस मेलं की ते माफ करतात."

"दफनाला येत नाहीत?"

"नाही, मॅमॉ."

"मग कंपनीपेक्षा बरे म्हणायचे," मॅमॉ म्हणाली आणि डबा ब्रदर क्लीटसच्या हातातून काढून घेतला. "हे पैसे हिच्या फीला जातील. पण रोख."

म्हातारा हर्शेल हात वर करून उभा राहिला. खाणीतला जुना माणूस, नियमाला पक्का. "मी पैसे दिले ते हिची क्रेडिटं कमी व्हावीत म्हणून. ती वाढवायला नाही दिले. माझा डॉलर परत द्या."

"हर्शेल, दुपारी कुठे जेवतोस रे तू?" मॅमॉनं विचारलं.

"जेवणघरात."

"चौकोनी गाजर आवडेल?"

हर्शेलनं डॉलर परत घेतलाच, तत्त्व म्हणून. मग त्याच डॉलरनं रोवीनाच्या पावाचा एक तुकडा विकत घेतला, आणि तो डॉलर पुन्हा डब्यात पडला.

सोमवारी दोघी कॉलेजात गेल्या. रोवीना म्हणाली, मी एकटी जाते. मॅमॉनं डबा सोडला नाही. खिडकीत रंगवलेल्या नखांची एक मुलगी होती. तिनं मान वर न करताच विचारलं, "क्रेडिट की डेबिट?"

मॅमॉनं डबा छातीशी धरला. "चल गं पोरी. हे तेच दुकान आहे."

"मॅमॉ, ती कार्डाचं विचारतेय!"

"रोख आणलंय म्हणावं."

"रोख आम्ही घेत नाही, मॅम," मुलगी म्हणाली.

मॅमॉनं एक नोट काढून काचेला लावली. "यावर काय छापलंय वाच. 'देवावर आमचा विश्वास.' तुमचा नाही का?"

मुलगी बिचारी रडकुंडीला आली. शेवटी मागून एक वयस्क बाई आल्या आणि म्हणाल्या, पोस्टातून मनीऑर्डर करून आणलीत तर घेऊ. पोस्ट समोरच होतं. तिथल्या माणसाला मॅमॉनं दोनदा विचारलं, यात कुठे क्रेडिट दडलेलं नाही ना. त्यानं शपथ घेतली, तेव्हा डबा उघडला.

प्रकल्प झाला, पदवी झाली, जूनअखेर किल्ल्या रोवीनाच्या हातात आल्या. व्यवस्थापक झाली तरी बीन्स तीच शिजवते. दुसऱ्या कुणाच्या हातचे मॅमॉला चालत नाहीत, आणि हिच्या हातचे आवडतात असं ती कबूल करत नाही. नवं माणूस पानावर आलं की ती काठीनं सुनेकडे दाखवते. "एकशेवीस क्रेडिटं आहेत तिच्याकडे. आणि एकही फेडायचं नाही."

जुनं कर्ज मात्र आहे, ते रोवीना महिन्याच्या महिन्याला फेडते. त्याला त्या घरात कर्ज म्हणत नाहीत. महिना भरला की मॅमॉ ताटावरून मान वर करते.

"फावड्याचे दिलेस का गं?"

"दिले, मॅमॉ."

"बरं. मीठ कमी आहे यात."