देवमनने पाहिलेला उंचवटा

देवमन तायडे आमच्या अमरावतीच्या कॉलेजात १९५७ साली प्रयोगशाळा परिचर म्हणून लागला. चांदूर बाजारकडचा, मॅट्रिक झालेला. आदल्याच वर्षी त्याच्या घरादाराने बौद्ध धम्म स्वीकारला होता. बाहेरून इंटरच्या परीक्षेला बसायचं त्याच्या मनात होतं, म्हणून रिकाम्या वेळात तो माझी जुनी पुस्तकं वाचत बसे. मी रसायनशास्त्र शिकवत होतो आणि पीएच.डी.साठी धडपडत होतो. आमच्याकडे फुलांची शेती. कॉलेजात शिकवणारा घरातला पहिलाच मी.

माझा विषय साधा वाटावा असा होता. साबणासारखा एक पदार्थ, लॉरिल सल्फेट, पाण्यात थोडाथोडा सोडायचा आणि दर खेपेला पाणी किती थंड किंवा गरम होतं ते मोजायचं. मग तेच पॉलिमर, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंचा पदार्थ, विरघळवलेल्या पाण्यात करायचं. फरक पडला, तर दोघांचं आपसात काहीतरी जमतंय असं समजायचं. फरक अंशाच्या शंभराव्या भागाहूनही कमी. पारा भिंगातून वाचावा लागे. अमरावतीच्या उन्हाळ्यात हे काम म्हणजे वेडेपणाच होता. थर्मासच्या भांड्याभोवती देवमनने जिनिंगमधून आणलेला सरकी काढलेला कापूस ठासून भरला, तेव्हा कुठे पारा स्थिर राहू लागला. ही युक्ती त्याची. प्रबंधात मी ती माझी म्हणून लिहिली.

१९६१च्या मार्चमध्ये बहिणीच्या लग्नासाठी मी पाच दिवस धामणगावला गेलो. नोंदी देवमनवर सोपवल्या. परत येऊन पाहतो तर पॉलिमरच्या आलेखात मध्येच उंचवटा! साध्या पाण्यात दर खेपेला पाऱ्याची उतरण सारखी होती. इथे एका जागी ती अचानक वाढत होती आणि पुढे कमी होत होती. त्याने तीनदा प्रयोग केला होता. तिन्ही वेळा जागा तीच.

त्या संध्याकाळी मी स्वतः प्रयोग केला. उंचवटा आला.

हे मी कोणालाच सांगितलं नाही. प्रबंध महिन्याभरात द्यायचा होता आणि त्यातला सिद्धांत सरळ रेषेवर, म्हणजे दोघांचं आपसात काही जमत नाही यावर, उभा होता. दुसऱ्या दिवशी विभागप्रमुख भगवंतरावांनी आलेख पाहून विचारलं, हे आकडे कोणी घेतले. मी म्हणालो, परिचराने. त्यांनी देवमनला बोलावून घेतलं. भांड्याला हात लावला असशील, भिंग धरता येत नसेल, असं ते बोलत राहिले.

देवमन माझ्याकडे पाहत म्हणाला, "सर, मी जे पाह्यलं तेच लिहेलं. पारा उतरला तेवढाच लिहेला."

मी टेबलावरचे कागद नीट करत राहिलो. आकडे दुसऱ्या कुणा शिकलेल्या घरच्या मुलाने घेतले असते, तर भगवंतरावांनी निदान पुन्हा करून पाहा म्हटलं असतं. हे मला तेव्हाही कळत होतं. मी ते नोंदींचे कागद काढून टाकले आणि आलेखाची रेषा सरळ केली.

देवमनला प्रयोगशाळेतून काढून भांडारात टाकलं. वर्षभरात तो नोकरी सोडून अकोल्याला गेला, असं कानावर आलं. मला पदवी मिळाली.

१९६८ साली एका परदेशी नियतकालिकात माझ्याच विषयावरचा लेख हाती आला. साध्या पाण्यात साबणाचे कण ज्या प्रमाणाला गोळा होतात, त्याच्या आधीच ते पॉलिमरच्या साखळीवर गोळा होऊ लागतात आणि तिथेच उष्णतेत उंचवटा दिसतो, असं त्यात म्हटलं होतं. शेजारी आलेख छापला होता. तो मी ओळखला.

पुढच्या रविवारी मी अकोल्याला गेलो. देवमन जठारपेठेत दोन खोल्यांत राहत होता आणि पाणीपुरवठ्याच्या नोकरीत पाण्याचे नमुने तपासत होता. मी लेख पुढे ठेवला. त्याने आलेखावर बोट फिरवलं, प्रमाण विचारलं, मी सांगितलं.

मग म्हणाला, "त्या संध्याकाळी तुमीबी पाह्यलं होतं, सर. मी दाराशीच उभा होतो."

इंटरची परीक्षा दिली का, असं मी विचारलं. तो म्हणाला, फॉर्म भरला होता, पण बसलो नाही. तुम्ही एवढे शिकलेले गप्प राहिलात, म्हणजे माझ्याच डोळ्यांत काही खोट असेल असं हळूहळू वाटू लागलं. स्वतःच्या डोळ्यांवरचा भरवसाच गेला.

मी माफी मागितली. विद्यापीठाला पत्र लिहीन, त्यात तुमचं नाव घालीन, म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला 'तुम्ही' म्हटलं. तो आत पाहत म्हणाला, "मले नोका सांगू. तिले सांगा. सात वर्षं मी तिले सांगत आलो का चूक माहीच होती."

त्याची बायको मनकर्णा चुलीपाशी होती. मी उंबऱ्याजवळ उभं राहून सगळं सांगितलं; उंचवट्याचं, कागदांचं, माझ्या गप्प राहण्याचं. तिने ऐकता ऐकता चहाचं आधण ठेवलं. शेवटी एवढंच म्हणाली, "आता सांगून का होते, भाऊ? तवा सांगाले पायजे होतं." आणि कपात चहा ओतला.

विद्यापीठाला मी पत्र लिहिलं. पोच आली. पदवी आजही माझ्याच नावावर आहे.