सूर्यावर शिक्का

मी लिहावं असं माझ्या हातून काही मोठं घडलेलं नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच. त्यामुळे कोरा कागद दिसला की तो भरून टाकायची मला घाई होते. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

ऐंशीच्या दशकातल्या एका दुष्काळी उन्हाळ्यात मी भूमच्या एका संस्थेत सुट्टीपुरता काम शिकायला गेलो. बायकांना ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला उभं करायचं, हे संस्थेचं काम. संस्था चालवणाऱ्या ताईंनी पहिल्याच दिवशी माझं अक्षर पाहिलं आणि उमेदवारी अर्ज माझ्यापुढं सरकवले.

त्यातला एक अर्ज जवळच्या गावातल्या एका मावशींचा होता. त्यांच्या वस्तीवर हापसा नव्हता. गावातल्या हापशावर अर्धा दिवस नंबर लावावा, तेव्हा दोन घागरी मिळायच्या. "म्या निवडून आले की पैला हापसा आमच्या वस्तीवर," एवढंच त्यांचं म्हणणं. अर्जात चिन्हाची पसंती लिहायची होती. मावशी म्हणाल्या, "तुमी शिकलेले, तुमीच बघा." मी बराच विचार करून 'सूर्य' लिहिलं. उजेड, प्रगती वगैरे. ते मिळालंही.

प्रचाराच्या पहिल्याच घरी म्हातारीनं विचारलं, "सांग की बाई, कशावर शिक्का मारायचा?"

मावशींनी पदर तोंडाला लावला आणि वर बोट केलं.

"आढ्यावर?"

"त्येच्याबी वर."

"देवावर व्हय?"

मला वाटलं, बाई लाजतायत. हळूच म्हणालो, "मावशी, सूर्य म्हणा."

मी शिवीच दिल्यासारखं त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "चारचौघांत मालकाचं नाव घिऊ व्हय?"

त्यांच्या मालकांचं नाव त्याच शब्दानं सुरू होत होतं. आणि ते नाव मीच, माझ्या वळणदार अक्षरात, त्याच अर्जावर चिन्हाच्या दोन ओळी वर लिहिलं होतं.

चिन्ह बदलायची मुदत उलटून गेली होती. मावशींनी मग आपल्या परीनं वाट काढली. "उजेड पाडतंय त्येच्यावर मारा," असं त्या घरोघर सांगू लागल्या. मी मागून मान डोलवायचो. तिसऱ्या दिवशी विरोधी उमेदवार बाईंनी आम्हाला आग्रहानं घरात बोलावून चहा पाजला, तेव्हा मला शंका आली. त्यांचं चिन्ह कंदील होतं. दोन दिवस आम्ही मनापासून कंदिलाचा प्रचार केला होता.

ताईंना हे सांगितलं तेव्हा त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "अरे, उखाण्यात नाव घेतलेलं चालतं की! लिही एक."

माझं लग्न झालेलं नव्हतं, तरी रात्र जागून तीन उखाणे लिहिले. पहिले दोन ऐकून मावशी म्हणाल्या, "ह्ये भाषण हाय. उखाणा न्हाय." तिसरा पास झाला:

डोईवर हंडा, हंड्यावर कळशी,
सूर्यावर मारा शिक्का, सांगते तुमची मावशी.

आता अडचण वेगळीच झाली. मावशींनी उखाणा घेतला की त्या घरातल्या बायका म्हणायच्या, "मग आमीबी घेतो." सासू घ्यायची, सून घ्यायची, शेजारणी भिंतीवरून घ्यायच्या. संध्याकाळपर्यंत अर्धी गल्लीसुद्धा संपायची नाही. एक आजोबा बाहेरून ओरडले, "इलेक्शन हाय का बारसं?" एका घरी तर बायकांनी मलाच धरलं. "पाव्हणं, तुमीबी घ्या!"

"माझं लग्न झालं नाही अजून."

"मग व्हणारीचं घ्या! का ठरलीच न्हाय?"

घाबरून मी कॉलेजचं नाव घेतलं. त्यानंतर त्या गल्लीत मला 'कॉलेजचा नवरा' म्हणू लागले.

मतदानाच्या आधीच सुट्टी संपली आणि मी उस्मानाबादला कॉलेजात परतलो. निकालानंतर एसटी स्टँडवर भूमच्या गाडीचा कंडक्टर गाठला. तो त्याच गावचा. गाडी सुटतच होती. मी धावत विचारलं, "आमच्या मावशींचं काय झालं?"

"लई वाईट झालं. पडल्या की बिचाऱ्या!" म्हणत त्यानं घंटी मारली.

मला दोन दिवस जेवण गेलं नाही. मी निवडलेल्या एका शब्दापायी ती वस्ती हापशाला मुकली, असं वाटत राहिलं. शेवटी ताईंना चार पानी पत्र लिहिलं. सगळी चूक माझी, यापुढं कुणाचाही अर्ज भरणार नाही, अशी शपथ घेतली.

आठवड्यानं ताईंचं कार्ड आलं.

"अरे वेड्या, मावशी निवडून आल्या. मिरवणुकीत बैल बुजला आणि त्या बैलगाडीतून पडल्या. पाय मुरगळलाय. पहिल्या बैठकीला मालकांच्या खांद्यावर हात ठेवून लंगडत गेल्या. हापसा वस्तीला मंजूर झाला."